फी माफ झाली, पण पैसा कोणाचा?

वाचकाचे पत्र : अंबाजोगाईत माझे छोटे किराणा दुकान आहे. आम्ही खुल्या प्रवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. थोरली मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींसाठीच्या शुल्कमाफीमुळे तिचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. धाकटा मुलगा यंदा एमएचटी-सीईटी देणार आहे. त्याला निम्मीच माफी मिळेल असे कळते. दिवाळीला पुण्याचे माझे मेहुणे आले होते. ते मोठ्या पगारावर आहेत. ‘‘तुमच्या मुलीची फी माझ्या करातून जाते. मोफत उच्च शिक्षण ही चैन आहे आणि फुकटचे कोणाला पचत नाही,’’ असे ते चारचौघांत बोलले. ते स्वतः सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात नाममात्र फी भरून शिकले, हे मला माहीत होते, पण सण होता म्हणून गप्प बसलो. विद्यापीठाचे शिक्षण सर्वांना मोफत असावे असे मला मनापासून वाटते. पण पैसा कोठून आणायचा असे कोणी विचारले की माझ्याकडे उत्तर नसते. मुलासाठी कर्ज काढावे का, याबाबतही मार्गदर्शन करावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मेहुण्यांचे बोलणे तुम्हाला लागले, हे पत्रातून दिसतेच. परंतु त्यांच्या आक्षेपाला ‘तुम्हीही सरकारी फीवरच शिकलात’ एवढेच उत्तर देऊन थांबू नका. ते उत्तर खरे आहे, पण त्याने त्यांचे तोंड बंद होईल, शंका फिटणार नाही. शिवाय हा आक्षेप त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक धारदारपणे, आणि नेमक्या उलट्या बाजूने, आपल्याकडे फार पूर्वी मांडला गेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे (ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे) सादर केलेल्या निवेदनात सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून उभा राहतो, आणि त्यातून होणाऱ्या उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो, असे स्पष्ट लिहिले आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आधी तिकडे पैसा वळवा, ही त्यांची मागणी होती. करदात्याच्या पैशावर कोण शिकते, हा प्रश्न जोतीरावांनी शेतकऱ्याच्या वतीने विचारला होता. तुमचे मेहुणे तोच प्रश्न पगारदाराच्या वतीने विचारत आहेत, एवढाच फरक.

हा फरक बारीक नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. म्हणजे अठरा ते तेवीस वयोगटाच्या संख्येशी तुलना केली तर शंभरामागे अठ्ठावीसच महाविद्यालयात होते. उरलेल्यांपैकी कोणी तुमच्या दुकानासमोर पोती उतरवत असेल, कोणी ऊसतोडीला गेला असेल. पण तुमच्या दुकानातून साबण किंवा बिस्किटाचा पुडा नेताना तोही जीएसटी भरतोच. उच्च शिक्षण मोफत करून त्याचा सारा भार अशा अप्रत्यक्ष करांवर टाकला, तर हमालाच्या पैशावर अभियंता घडवल्यासारखे होईल, आणि जोतीरावांचा आक्षेप जसाच्या तसा लागू पडेल. मोफत शिक्षणाचा पुरस्कार करणारे आपण बहुतेक जण ही अडचण ओलांडून पुढे जातो. ती ओलांडू नये.

मात्र त्याच निवेदनात जोतीरावांनी सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावे असे म्हटलेले नाही. उलट तसे केल्यास शिक्षणाच्या प्रसाराला खीळ बसेल, असा इशारा दिला आहे. म्हणजे उच्च शिक्षणावर सरकारने खर्च करू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ नव्हता. पैसा कोणाकडून घेता आणि दार कोणाला उघडता, हे दोन प्रश्न त्यांनी सरकारपुढे ठेवले. मोफत विद्यापीठ शिक्षणाची कोणतीही योजना मी या दोन कसोट्यांवर घासून पाहतो आणि तुम्हीही पाहावी, असे सुचवतो.

पंचेचाळीस वर्षांनी हाच धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उचलला. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी कला महाविद्यालयांचा ३६ टक्क्यांहून अधिक खर्च फीमधून वसूल होतो, हे आकडे मांडून दाखवले आणि याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. शिक्षण खाते हे देण्याघेण्याच्या हिशेबावर चालवण्याचे खाते नाही, शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्या भाषणातला एक भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. इलाख्यात माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च होतात आणि दारूवरील अबकारी करातून मात्र माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होतात, अशी तुलना करून, निदान जेवढे अबकारीतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी सरकारला सुनावले. नुसती मागणी न करता महसुलाच्या बाजूने बोट ठेवण्याची ही पद्धत आपण पुढे सोडून दिली, याची मला खंत वाटते.

आता मेहुण्यांच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. उच्च शिक्षणाचा फायदा शिकणाऱ्यालाच होतो, तर खर्च त्यानेच करावा, असे त्यांचे म्हणणे असणार. फायदा त्याला होतो, यात वाद नाही. परंतु पदवीधराला पगार जास्त मिळाला की त्याच्यावरचा आयकरही वाढतो, आणि तो तीस-पस्तीस वर्षे भरावा लागतो. तुमच्या मेहुण्यांच्या शिक्षणावर त्या काळी राज्याने जे घातले, त्याची परतफेड ते आज दरमहा करत आहेत. तुमची मुलगी नोकरीला लागली की तीही करील. म्हणून त्यांच्या करातून तुमच्या मुलीची फी जाते, हे त्यांचे वाक्य चुकीचे नाही, फक्त अर्धे आहे. त्यांच्या वेळी आणखी कोणाच्या तरी करातून त्यांची फी गेली होती. याउलट शिकतानाच सारी रक्कम मागितली, तर ज्याच्या बापाकडे आज पैसे आहेत तोच शिकतो, आणि उद्या कर भरू शकला असता असा मुलगा बारावीनंतर पाण्याच्या टँकरवर क्लीनर होतो. यात त्या मुलाचे नुकसान आहेच. शिवाय तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मिळत नाही, शाळेत गणिताचा शिक्षक मिळत नाही, आणि ते नुकसान कधी महाविद्यालयाची पायरी न चढलेल्यांनाच अधिक भोगावे लागते.

कायद्याच्या बाजूने सांगायचे, तर आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या अनुच्छेदात उच्च शिक्षण क्रमाक्रमाने मोफत करण्याचे बंधन आहे आणि भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारला आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याचे उद्दिष्ट घालून दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच सहा टक्के पुन्हा लिहिले आणि प्रत्यक्ष सार्वजनिक खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास असल्याचेही नमूद केले. चोपन्न वर्षांत उद्दिष्ट हलले नाही, याचे कारण त्यासाठी कोणता कर राखून ठेवायचा, हे कोणीच ठरवले नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास मात्र इतका कोरडा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते फी न घेता, कमवा आणि शिका या तत्त्वावर. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्यात आली, आणि ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) हा शब्द घराघरांत रुळला तो तेव्हापासून. नंतर १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, हे मान्यच करायला हवे. पण त्या जागा सरकारी अनुदानावर नव्हे, पालकांच्या फीवर उभ्या राहिल्या, आणि फी आवाक्याबाहेर गेल्यावर तिची प्रतिपूर्ती करण्याची वेळ पुन्हा सरकारवरच आली. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय, ज्याचा लाभ तुमच्या मुलीला मिळतो आहे, हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मागास व इतर मागास घटकांतील मुलींना पूर्वी पन्नास टक्के मिळणारी शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी त्याने शंभर टक्के केली. त्यासाठी सुमारे ९०६ कोटी रुपयांचा जादा भार सरकारने स्वीकारला.

ही सवलत घेतली म्हणून मनात संकोच बाळगण्याचे कारण नाही. तुमच्या मुलीने सीईटी देऊन, गुणवत्ता यादीतून जागा मिळवली आहे आणि राज्याने जाहीर केलेला हक्क घेतला आहे. निर्णयाचे मी स्वागतच करतो. तरीही त्याच्या रचनेबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती समजण्यासाठी मुलीच्या महाविद्यालयाची फीची पावती समोर घेऊन बसा. पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ या ओळीपुढे शून्य असेल. त्याखाली विकास शुल्क, अनामत, ओळखपत्र, विमा, ग्रंथालय अशा ओळी असतील आणि त्या भरलेल्या असतील. शून्य दिसते त्या ओळीतली रक्कम सरकार संस्थेला देणार आहे, पण ती किती, हे मुख्यतः संस्थेने दाखवलेल्या खर्चावरून शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. संस्थेचा खर्च वाढला की फी वाढते आणि फी वाढली की सरकारची देणी वाढतात. इतके करून प्रतिपूर्तीचे पैसे उशिरा पोचले की संस्था प्राध्यापकांचे पगार थकवते आणि काही ठिकाणी विद्यार्थ्याकडे ‘आधी भरा, आल्यावर परत देऊ’ असा तगादा लावते. दुसरीकडे अनुदानित आणि सरकारी महाविद्यालयांत पदे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर वर्ग ढकलले जातात. एकाच तिजोरीतून खासगी संस्थेची फी भरायची आणि स्वतःच्या महाविद्यालयात माणूस नेमायचा नाही, हे मला पटत नाही. मोफत शिक्षणाचा पैसा आधी सरकारी व अनुदानित महाविद्यालयांच्या जागा आणि शिक्षक वाढवण्यावर जावा, आणि खासगी संस्थेला द्यायचाच तर सरकारने ठरवलेल्या दराने द्यावा, असे माझे मत आहे.

यातली दुसरी गोष्ट, म्हणजे सरकारी दराने पैसे देणे, चिली देशाने करून पाहिली आहे. तेथे २०११ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर २०१६ पासून उत्पन्नाच्या उतरंडीत खालच्या पन्नास टक्के आणि पुढे साठ टक्के कुटुंबांतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण मोफत झाले. योजनेत सामील होणाऱ्या संस्थेला मात्र सरकारी दर मान्य करावा लागतो आणि वरचा फरक या विद्यार्थ्यांकडून घेता येत नाही. जर्मनीत २००५ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यांनी फी लावून पाहिली आणि २०१४ पर्यंत ती सर्वांनी काढून टाकली. इंग्लंडने उलट दिशा धरली: १९९८ मध्ये एक हजार पौंडांपर्यंत सुरू झालेली वार्षिक फी २०१२ मध्ये नऊ हजारांपर्यंत नेली आणि तिच्यासाठी पगाराच्या प्रमाणात फेडायची कर्जे दिली. मेहुण्यांना कदाचित हा इंग्लंडचा मार्ग आवडेल. तो आपल्याकडे चालणे कठीण आहे, कारण पगारातून परस्पर वसुली होण्यासाठी बहुसंख्यांना पगारपत्रकावरची नोकरी असावी लागते, आणि आपले बहुसंख्य पदवीधर शेती, दुकान, कंत्राटी काम यांत विखुरलेले असतात.

आता पैशाच्या प्रश्नाकडे. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचे अडते ते येथेच.

शिक्षणाच्या नावावर आपण आधीच कर भरतो. मेहुण्यांच्या आयकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. हा उपकर पूर्ण केंद्राकडे राहतो. उपकर आणि अधिभार राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या रकमेत धरले जात नाहीत. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठीचा एक टक्का उपकर २००७ पासून वसूल होऊ लागला, पण त्यासाठीचा स्वतंत्र कोष स्थापन करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. दहा वर्षे एका नावाने पैसा गोळा करायचा आणि त्या नावाचे खातेच नसावे, हे कोणत्याही दुकानदाराला चालणार नाही. दुसरा कर तुमच्या स्वतःच्या घरी आहे. नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या बिलावर पाहा; घरपट्टी, वृक्ष कर, अग्निशमन कर यांच्या रांगेत ‘शिक्षण कर’ आणि ‘रोजगार हमी कर’ अशा ओळी आढळतील. १९६२ च्या राज्य कायद्याखाली नगरपालिका ते वसूल करून राज्याकडे भरतात.

मात्र माझ्या मते खरी वाट तिसऱ्या कराची आहे, आणि तो कर महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली रोजगार हमी योजना पैशाअभावी बंद पडू नये, म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराने, डॉक्टरने, वकिलाने, व्यापाऱ्याने थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, असा तो करार होता. सुस्थितीतल्या वर्गाकडून थेट घेऊन एका ठरलेल्या हक्कासाठी राखून ठेवलेला पैसा: जोतीरावांच्या पहिल्या कसोटीला उतरणारे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

मेहुण्यांच्या पगारपत्रकावर हा कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा दिसेल. वर्षाचे २,५०० रुपये. पगार कितीही असला तरी त्याहून एक रुपयाही अधिक घेता येत नाही, कारण संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदात ही कमाल मर्यादा घातलेली आहे. ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० वरून २,५०० रुपये झाली आणि तेव्हापासून तेथेच आहे. त्या सुमारास महाविद्यालयातील अधिव्याख्यात्याची वेतनश्रेणी २,२०० रुपयांपासून सुरू होत असे. म्हणजे करमर्यादा एका महिन्याच्या सुरुवातीच्या मूळ वेतनाहूनही थोडी अधिक होती. आज सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि करमर्यादा तीच आहे. महिना पंचवीस हजार मिळवणारा सुरक्षा रक्षक आणि महिना पाच लाख मिळवणारा कंपनीचा अधिकारी यांना आज सारखाच व्यवसाय कर बसतो. हे न्यायाचे नाही, हे मेहुणेसुद्धा नाकारणार नाहीत.

ही मर्यादा वाढवायची, वरच्या उत्पन्नगटांसाठी टप्प्याटप्प्याने दर लावायचे, खालच्यांना आजच्यापेक्षा एक रुपयाही जास्त पडू द्यायचा नाही, आणि वाढीव रक्कम कायद्याने उच्च शिक्षणाच्या निधीत टाकायची, असे केले तर काय होते, याचा साधा गुणाकार करून पाहा. वर्षाला पाच हजार रुपये जादा देऊ शकणारे दहा लाख लोक मिळाले, तर पाचशे कोटी जमतात. अठरा लाख मिळाले, तर नऊशे कोटी, म्हणजे मुलींच्या शुल्कमाफीचा जादा भार जवळपास निघतो. एवढ्याने सर्व पदव्यांचे सर्व शिक्षण मोफत होणार नाही, हे उघड आहे. केंद्राच्या उपकरातला उच्च शिक्षणाचा हिस्सा राज्यांना विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात मिळणे, ही दुसरी मागणी त्याला जोडावी लागेल. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर मात्र मी फार भिस्त ठेवणार नाही. वसतिगृहाची इमारत किंवा प्रयोगशाळा त्यातून होते. प्राध्यापकांचा दरमहाचा पगार होत नाही.

घटनादुरुस्ती संसदेच्या हाती आहे, म्हणून हे काम अवघड आहे. पण ज्या मागणीसाठी आपल्या खासदाराला नेमके पत्र लिहिता येते, अशी ही मागणी आहे. ‘शिक्षण मोफत करा’ या घोषणेला खासदार टाळ्या देतो आणि पुढे जातो.

फीपेक्षा मोठा अडसर राहण्या-खाण्याचा आहे, हे तुम्ही मुलीमुळे अनुभवत असालच. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, म्हणून आपली अनेक मुले तिकडे जातात. पण व्हिसासाठी २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात, आणि तो पैसा ज्याच्याकडे आहे त्यालाच ते मोफत शिक्षण मिळते. आपल्याकडेही अनुदानित महाविद्यालयातील बी.ए.ची फी बहुतेकांना झेपते; खोलीचे भाडे आणि मेस झेपत नाही. खेड्यातल्या मुलीला एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंत मिळतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षी, नेमके महाविद्यालय लांब गेल्यावर, पासाचे पैसे सुरू होतात; सवलत असली तरी सुरू होतातच. इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी राहण्या-खाण्यासाठी मदत देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, ती जिल्ह्यामागे सहाशे विद्यार्थ्यांपुरती. मला निवड करायला सांगितली, तर सधन घरातल्या मुलाची फी माफ करण्याआधी मी या सहाशेचा आकडा वाढवीन. दुसरी कसोटी, दार कोणाला उघडते, ती येथे लागते.

आठ लाखांची अट ठेवावी की सर्वांनाच मोफत द्यावे, याबाबत दोन्ही बाजूंना वजन आहे. माझा कल असा आहे की सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत फी कोणालाच नसावी आणि सधनांकडून ती कराच्या रूपाने घ्यावी. कारण उत्पन्नाच्या दाखल्यात पगारदाराचा रुपया न् रुपया दिसतो आणि बागायतदाराचा, ठेकेदाराचा दिसत नाही, आणि आठ लाख दहा हजारवाला सगळेच गमावतो. खासगी संस्थांतल्या जागांसाठी मात्र उत्पन्नाची अट असलीच पाहिजे.

फुकटचे पचत नाही, या म्हणण्याबद्दल एवढेच की शुल्कमाफी टिकवायला हजेरी आणि उत्तीर्ण होण्याच्या अटी आहेत, आणि बापाच्या पैशावर व्यवस्थापन कोट्यातून आलेल्यांना मात्र तसे काही सिद्ध करावे लागत नाही.

आता तुमच्या मुलाविषयी. खुल्या प्रवर्गातील मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून पन्नास टक्के शिक्षण शुल्क मिळते आणि ती योजना कुटुंबातील दोन अपत्यांपुरती असल्याने तुम्हाला अडचण नाही. प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतूनच झाला पाहिजे. संस्थास्तरावरची, म्हणजे संस्थेने स्वतः भरलेली, जागा घेतली की माफीचा हक्क जातो. म्हणून पर्याय भरताना सरकारी आणि अनुदानित महाविद्यालये आधी टाका. तेथे दुय्यम समजली जाणारी शाखा मिळाली, तरी नावाजलेल्या खासगी संस्थेतल्या संगणक शाखेच्या मोहात लगेच पडू नका; चार वर्षांच्या खर्चाचा फरक कागदावर मांडा आणि मग मुलाशी बोला, अंतिम निवड त्याला करू द्या. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहता काढून ठेवा, कारण जून-जुलैत सेतू केंद्रांवर झुंबड असते. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज मुलाने स्वतः भरावा आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या अटीत तो बसतो का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात पहिल्याच आठवड्यात विचारावे.

सरकारी जागा मिळाली, तर कर्जाची गरज कदाचित फक्त राहण्या-खाण्यापुरती पडेल; ती दुकानातून भागत असेल तर कर्ज काढू नका. खासगी संस्थेत जावे लागले, तर निम्म्या फीपुरते शैक्षणिक कर्ज घेण्यात काही गैर नाही. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका तारण मागत नाहीत आणि साडेसात लाखांपर्यंत पतहमीची, म्हणजे तारणाऐवजी सरकारी निधीच्या हमीची, सोय आहे. तरी पालक म्हणून तुमची सहकर्जदाराची सही लागेल. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होत असली, तरी व्याज पहिल्या दिवसापासून धावते, म्हणून जमेल तसे व्याज शिकत असतानाच भरत राहा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेची तीन टक्के व्याजसवलत ठरावीक नामांकित संस्थांतील प्रवेशालाच लागू आहे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. शाहू महाराज योजनेची निम्मी फी की ही व्याजसवलत, यात तुमच्या बाबतीत बहुधा निम्मी फीच जास्त भरेल, पण प्रवेशाच्या महाविद्यालयाचे नाव ठरल्यावर दोन्हींची बेरीज करून पाहा. शाखेतल्या अधिकाऱ्याने तोंडी नकार दिला, तर अर्ज ऑनलाइन दाखल करा आणि नकाराचे कारण लेखी मागा.